हे कोण सांगतंय? नव्या कथालेखकासाठी निवेदनाच्या काही पायऱ्या

माझी पहिली कथा एका मासिकाकडून परत आली तेव्हा तिसऱ्या पानाच्या समासात पेन्सिलीने चार शब्द लिहिलेले होते: ‘हे नेमकं कोण सांगतंय?’ बाकी काही नाही. ते पान मी महिनाभर जवळ बाळगलं. कथा एका मुलीच्या लग्नाची होती. सुरुवातीला तिच्या मनातलं लिहिलं होतं, मग न सांगताच मी तिच्या वडिलांच्या मनात शिरलो होतो आणि पुढचा एक उतारा त्या दोघांचाही नव्हता. तो माझा होता, हुंड्यावरचा. पेन्सिल नेमकी तिथे टेकली होती.

आता रविवारी सकाळी नव्याने लिहिणारी काही मंडळी माझ्याकडे येतात. कोणी कॉलेजातलं, कोणी रेल्वेतून निवृत्त झालेलं, एक जण तर बुटीबोरीच्या कारखान्यातली रात्रपाळी करून थेट येतो. ‘निवेदनतंत्र’ हा शब्द ऐकला की सगळ्यांचे चेहरे परीक्षेला बसल्यासारखे होतात. म्हणून मी तो शब्द बाजूला ठेवतो आणि तीन प्रश्न फळ्यावर लिहितो. गोष्ट कोण सांगतंय? त्याला काय काय माहीत आहे? आणि ते वाचकाला केव्हा कळतं? पुस्तकांत ज्यांना पूर्वसूचना, मागोवा, प्रतीक, संज्ञाप्रवाह अशी भारदस्त नावं आहेत, ती सगळी साधनं या तीन प्रश्नांची उत्तरं देताना आपोआप हातात येतात. शिवाय मराठी भाषेने त्यातली काही साधनं आपल्याला व्याकरणातच दिलेली आहेत. मला ते फार मोलाचं वाटतं आणि नवे लेखक नेमकं त्याकडेच बघत नाहीत.

सगळ्या पायऱ्या एकाच गोष्टीवर चढू. गोष्ट अशी:

नागपूरच्या महाल भागातला एक जुना वाडा. खाली शांताबाई एकट्या राहतात, वय 68. वरच्या खोलीत भंडारा जिल्ह्यातल्या लाखनीकडचा एक मुलगा भाड्याने राहतो, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. तीन महिन्यांचं भाडं थकलंय. पुण्याची मुलगी फोनवर सारखी म्हणते, ‘आई, त्याला खोली सोडायला सांग.’ मे महिना, पारा 45 वर. वरचा कूलर आठ दिवसांपासून वाजत नाही, म्हणजे पोरगा भाडं बुडवून गावी पळाला असं शांताबाईंना वाटतं. एका दुपारी त्या जिना चढून वर जातात. पोरगा खोलीतच असतो. डोक्यावर ओला दुपट्टा, पुढ्यात पुस्तक, कूलर बंद. विजेचं बिल वाढू नये म्हणून त्याने तो लावलेलाच नसतो. शांताबाई जे सांगायला गेल्या ते न सांगताच खाली येतात.

एवढीच. कोणी मरत नाही, कोणाचं लग्न मोडत नाही. शिकायला अशी लहान गोष्ट बरी, कारण तिच्यात लपायला जागा नसते.

पायरी 1: काय बदललं ते एका वाक्यात लिहा

‘शांताबाई वर गेल्या आणि खाली आल्या’ ही घटना. ‘वर जाताना त्यांना जे पक्कं माहीत होतं, ते खाली येताना खोटं ठरलेलं होतं’ हे कथानक. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि ते जमेपर्यंत पुढे जाऊ नका. एवढंच, पण ते गाळू नका.

पायरी 2: सांगणारा निवडा

इथे सर्वांत जास्त वेळ घालवा. मी नव्या माणसाला एकच प्रसंग चार वेळा लिहायला लावतो, दरवेळी पाच ओळी.

पहिल्यांदा शांताबाईंच्या तोंडून: ‘मी जिना चढले. सातव्या पायरीवर थांबले, तिथे नेहमीच थांबते.’ आवाज जवळचा होतो, गुडघ्यांसकट. पण वरच्या खोलीत काय चाललंय ते आता आपल्याला दिसणार नाही, कारण त्यांना दिसत नाही. ही अडचण वाटते खरी, पण या गोष्टीत तीच आपली ताकद आहे.

दुसऱ्यांदा मुलाच्या तोंडून: ‘जिन्यावर काकूंची पावलं वाजली. मी पुस्तक मिटलं, मग पुन्हा उघडलं.’ आता कूलरचं गुपित आपल्याला पहिल्या ओळीपासून माहीत आहे. मग कथा गुपिताची उरत नाही, लाजेची होते. दोन्ही कथा चांगल्या होऊ शकतात, पण त्या दोन वेगळ्या कथा आहेत. सांगणारा बदलला की विषयच बदलतो, हे या एका प्रयोगातून जितकं समजतं तितकं माझ्या बोलण्यातून समजत नाही.

तिसऱ्यांदा शेजारणीच्या तोंडून: ‘त्या पोट्ट्यानं म्हणे तीन महिन्यांचं भाडं बुडवलं. शांताबाई म्हणे भर उन्हात वर गेल्या होत्या. अन् तशाच खाली आल्या, काही बोलल्या नाही म्हणे.’ हा ‘म्हणे’ नीट बघा. दोन अक्षरांत मराठी सांगते की बोलणाऱ्याने हे पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे, आणि त्याची जबाबदारी तो घेत नाही. समीक्षेत ज्याला अविश्वसनीय निवेदक म्हणतात, म्हणजे ज्याच्या सांगण्यावर वाचकाने पुरता भरवसा ठेवू नये असा सांगणारा, तो उभा करायला आपल्याकडे एक ‘म्हणे’ पुरतो. मात्र तो जिथे तिथे पेरू नका. संपूर्ण कथेत तीनदा आला तरी खूप झालं.

चौथ्यांदा सर्वज्ञ निवेदकाच्या तोंडून. त्याला सगळ्यांच्या मनातलं, मागचं, पुढचं ठाऊक असतं. श्रावणातल्या कहाण्या ऐकून वाढलेल्या माणसाला त्याची वेगळी ओळख करून द्यायला नको. ‘आटपाट नगर होतं’ म्हणणारा आवाज तोच. त्याला राजाच्या दोन्ही राण्यांच्या मनातलं कळतं आणि देवाच्याही. हा निवेदक वापरायचा तर त्याचा रुबाब पहिल्या ओळीपासून हवा. माझ्या त्या परत आलेल्या कथेत तो सातव्या परिच्छेदात अचानक उगवला होता, म्हणून तो आगंतुक वाटला.

या चौघांशिवाय एक मधला रस्ता आहे आणि बहुतेक नव्या लेखकांनी आधी त्यावरून चालावं असं माझं मत आहे. तृतीयपुरुषी, पण एकाच पात्राला धरून. ‘शांताबाई जिना चढल्या’ असं लिहायचं, पण त्यांना जे दिसतं, ऐकू येतं, आठवतं, तेवढंच सांगायचं. मुलाच्या डोक्यात डोकवायचं नाही. त्याचा चेहरा वाचायचा, तोही शांताबाई वाचतील तसाच.

एकाहून जास्त सांगणारे ठेवता येतात का? येतात. 1959 साली आलेल्या ‘ययाति’त ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू आपापल्या ‘मी’तून सांगतात आणि एकच संसार तीन डोळ्यांनी दिसतो. पण तिथे हाताशी एक मोठी कादंबरी होती. आठ पानांच्या कथेत तीन ‘मी’ आणले तर वाचक प्रत्येकाला जेमतेम नमस्कार करेपर्यंत कथा संपते.

आता व्याकरणाकडे वळू, कारण ‘मी’ निवडला की मराठी तुमच्याकडून एक गोष्ट ताबडतोब वसूल करते. ‘मी गेलो’ की ‘मी गेले’? पहिल्याच क्रियापदात सांगणारा पुरुष की बाई ते उघड होतं. पण सगळीकडे नाही. ‘मी दार ठोठावलं’, ‘मी पुस्तक मिटलं’, ‘मला घाम फुटला’, ‘मी उद्या सांगेन’ या वाक्यांत बोलणारा कोण ते कळत नाही, कारण क्रियापद एक तर कर्माच्या किंवा घामाच्या मागे जातं, नाहीतर भविष्यकाळात लिंग दाखवतच नाही. कोणाला पानभर सांगणाऱ्याची ओळख राखून ठेवायची असेल तर असं जमतं. उगाच कसरत म्हणून करू नका, गोष्टीला गरज असेल तर करा. आणि पुरुषाने बाईच्या ‘मी’तून लिहावं का, असं कोणी विचारलं, तर 1890 साली क्रमशः येऊ लागलेली ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी आठवा. पंचविशी नुकतीच ओलांडलेल्या हरिभाऊ आपट्यांनी ती यमूच्या तोंडून, एका मुलीच्या आणि पुढे विधवेच्या ‘मी’तून सांगितली आहे.

‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतही असाच फरक आहे. ‘आम्ही महालात राहतो’ म्हटलं की वाचक बाहेर उभा राहतो. ‘आपण महालातून केळीबागकडे निघालो की’ म्हटलं की तो आपल्यासोबत चालायला लागतो. कोणत्या वाक्यात वाचकाला आत घ्यायचं आणि कोणत्या वाक्यात दाराशी ठेवायचं, हे ठरवून लिहा.

पायरी 3: मनात किती आत जायचं

ही ओळ बघा:

शांताबाई दारापाशी थांबल्या. आता काय बोलायचं? भाड्याचं आधी काढायचं, की कूलरचं? पोरगा तर आहे की इथंच.

पहिलं वाक्य निवेदकाचं. पुढची तीन कोणाची? ‘असं त्यांना वाटलं’ हे शब्द कुठेही नाहीत, तरी ती शांताबाईंचीच आहेत हे कोणालाही कळतं. निवेदक बाजूला न होता पात्राचा आवाज त्याच्या वाक्यात मिसळतो. मराठीत हे फार सहज होतं. ‘काय बोलायचं’, ‘कुठं जायचं’ या रूपांना कर्ता लागतच नाही, त्यामुळे ते वाक्य निवेदकाचंही असतं आणि पात्राचंही. शिवाय आपण ‘तो म्हणाला की मी उद्या येतो’ असं सर्रास म्हणतो. दुसऱ्याचं बोलणं सांगतानाही त्याचा ‘मी’ आणि त्याचा काळ आपण तसाच ठेवतो. म्हणून पात्राच्या मनात शिरताना मराठी लेखकाला उंबरठा लागत नाही. ‘तिला वाटलं की’, ‘तिच्या मनात विचार आला की’ हे तुकडे पहिल्या खर्ड्यातून शोधून काढा. दहांतले सात काढता येतील.

याच्याही पुढे गेलं की संज्ञाप्रवाह येतो. विचार जसे येतात तसे, अर्धवट, एकातून दुसरा: कूलर, कूलरचा वाळा मागच्या वर्षी बदलला होता का, हे असते तर ह्यांनी बदलला असता, मुलीचा फोन, गॅस बंद केला ना. एखादा परिच्छेद असा लिहून पाहा. पूर्ण कथा या वाटेने नेणं अवघड आहे, कारण वाचकाला पाय टेकायला बाहेरची काही तरी वस्तू लागते.

पायरी 4: सुरुवात कुठून

गोष्ट घडली त्या क्रमाने सांगायलाच हवी असं नाही. शांताबाईंची कथा तीन ठिकाणांहून सुरू होऊ शकते. मुलगा भाड्याने आला त्या दिवसापासून, त्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभ्या आहेत तिथून, किंवा त्या खाली आल्या आहेत आणि मुलीचा फोन वाजतोय, ‘सांगितलंस का?’ तिथून.

पहिली जागा नव्या लेखकाला सर्वांत आवडते आणि बहुधा तीच सर्वांत कमकुवत असते, कारण दोन पानं माहिती देण्यात जातात. तिसऱ्या जागेत कुतूहल मोठं आहे, पण मग सगळी कथा मागोव्यात, म्हणजे मागे जाऊन, सांगावी लागेल. मी दुसरी घेईन. जिन्याशी, पाय उचललेला असताना.

मागे जायचंच झालं तर जाण्याला निमित्त हवं. शांताबाईंना जिन्याखालचा, वरच्या खोलीची वीज मोजणारा सबमीटर दिसतो आणि 40 वर्षांपूर्वीची इतवारीतली भाड्याची खोली आठवते. तिथल्या मालकाने एका संध्याकाळी फ्यूज काढून नेला होता. वाक्यांचे काळ इथे जपावे लागतात. पहिल्या एक-दोन वाक्यांत ‘काढून नेला होता’, ‘अंधार झाला होता’ असं लिहा. वाचक मागे पोचला की साध्या भूतकाळावर या, ‘ह्यांनी मेणबत्ती लावली’. पानभर ‘होता, होती, होतं’ चालू ठेवलं की वाचणाऱ्याच्या कानाला त्रास होतो. परत येताना तोच सबमीटर पुन्हा दाखवा, म्हणजे वाचक कुठे उभा होता ते त्याला आठवेल.

आणि हा मागोवा तीन ओळींत संपवा. तो लांबला की ‘बघा, म्हणून त्या बोलू शकल्या नाहीत’ असं स्पष्टीकरण होऊन बसतं. माणसं फक्त जुन्या आठवणींमुळे दयाळू होतात असं नाही, आणि वाचकाला हे आपल्यापेक्षा कमी कळत नाही.

गोष्टीच्या बाहेर आणखी एक गोष्ट ठेवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. वेताळ राजाच्या खांद्यावर बसून गोष्ट सांगतो. 1935 च्या ‘श्यामची आई’त श्याम रात्री आश्रमातल्या मित्रांना आठवणी सांगतो आणि प्रकरणांना ‘रात्र’ असंच नाव आहे. ऐकणारी माणसं समोर असल्यामुळे सांगणाऱ्याचा स्वर हळवा झाला तरी खोटा वाटत नाही. तुमच्या कथेत असा ऐकणारा ठेवायचा असेल तर त्यालाही काही काम द्या, नुसता ‘मग पुढे काय झालं?’ विचारायला बसवू नका.

थांबवून ठेवण्याची कला शिकायची असेल तर कीर्तनाला जा. बुवा उत्तररंगात, म्हणजे कीर्तनाच्या दुसऱ्या भागात, आख्यान ऐन रंगात आणतात, आणि नेमकं तिथे थांबून अभंग धरतात. श्रोता उठत नाही. का उठत नाही, याचा विचार मांडीवर वही ठेवून करावा इतका तो मोलाचा आहे.

पायरी 5: कुठे धावायचं, कुठे थांबायचं

तीन महिने एका ओळीत जाऊ शकतात आणि तीन मिनिटांना तीन पानं लागू शकतात. ‘तो रोज पहाटे नळाला पाणी भरायचा, काकूंचीही बादली भरून ठेवायचा.’ या ‘भरायचा’त सगळा उन्हाळा मावतो. पुन्हा पुन्हा घडणाऱ्यासाठी हे रूप, आणि एकदाच घडलेल्यासाठी ‘भरली’. ज्या दिवशी ‘भरायचा’ सोडून ‘भरली’ येतं, त्या दिवशी काही तरी वेगळं होणार हे वाचकाला न सांगता कळतं.

नव्यांची नेहमीची चूक उलटी असते. सकाळी उठणं, दात घासणं, चहा हे सविस्तर येतं, आणि दार उघडल्यावरचा क्षण ‘दोघंही अवघडले’ एवढ्या शब्दांत उरकलेला असतो. जिथे लिहायला भीती वाटते तिथेच थांबा.

पायरी 6: वस्तू पेरा

मला स्वतःला ही पायरी सर्वांत आवडते.

आपल्या गोष्टीत कूलर आहे. नागपूरच्या माणसाला मे महिन्यातला कूलर समजावून सांगावा लागत नाही. त्याची घरघर हा दुपारचा आवाजच आहे, ओल्या वाळ्याचा वास ही दुपारची चव आहे. आता वाचकाला आधी काय कळायला हवं? की हा आवाज शांताबाई रोज छतातून ऐकतात आणि त्यावरच त्यांना झोप लागते. हे पहिल्या पानावर, सहज, दुसरंच काही सांगताना येऊ द्या. मग आवाज बंद झाल्याची ओळ. शांताबाई त्याचा अर्थ ‘पळाला’ असा लावतात आणि वाचकही तोच लावतो.

पण प्रामाणिकपणे खेळायचं तर वाचकाला खरा धागाही दिलेला असला पाहिजे. म्हणून जिन्याखालचा सबमीटर. शांताबाई दर महिन्याला त्यावरचा आकडा कॅलेंडरच्या रकान्यात लिहितात. वर जाण्याआधी त्या बघतात तर आकडा जेमतेम हललेला. हललेला आहे, थांबलेला नाही. खोलीत कोणी नसतं तर तो मुळीच हलला नसता. म्हणजे रात्री थोडा वेळ कोणीतरी दिवा लावतंय. शांताबाईंच्या ते लक्षात येत नाही, बारीक वाचणाऱ्याच्या येतं. याला पूर्वसूचना म्हणतात आणि तिची कसोटी सोपी आहे. पहिल्या वाचनात ती साधा तपशील वाटली पाहिजे, दुसऱ्या वाचनात ‘अरे, हे तर सांगितलंच होतं’ असं वाटलं पाहिजे.

वाचकाला धक्का द्यायचा की काळजीत ठेवायचं, हेही इथे ठरतं. बंद कूलरचं कारण शेवटी उघड केलं तर धक्का. मुलगा ओला दुपट्टा डोक्याला गुंडाळून बसलाय हे आधी दाखवून मग शांताबाईंना रागाने जिना चढायला लावलं, तर वाचकाला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत असतं आणि प्रत्येक पायरीला त्याचा जीव वर-खाली होतो. धक्का एकदाच चालतो, काळजी पुन्हा वाचतानाही टिकते. मात्र त्यासाठी मुलाच्या खोलीत जावं लागेल, आणि पायरी 2 वर आपण तर शांताबाईंना धरून राहायचं ठरवलं होतं. प्रत्येक निवडीची किंमत अशी दुसरीकडे चुकवावी लागते.

कूलर हे प्रतीक आहे का? मला विचाराल तर तो आधी कूलर असू द्या. पंप, पाणी, घरघर, बिल. वस्तू खरी असली की अर्थ तिच्यात आपण होऊन साचतो. ‘तो बंद कूलर जणू त्याच्या थांबलेल्या आयुष्याचं प्रतीक होता’ हे वाक्य लिहिलंत की त्याच क्षणी कूलरही जातो आणि आयुष्यही.

उपमांचंही तसंच. ऊन ‘आग ओकत होतं’ हे हजार वेळा वाचलेलं आहे, ते आता भाजत नाही. शांताबाईंना ऊन कुठे लागतं? जिन्याच्या लोखंडी कठड्याला हात लावला आणि त्यांनी तो पदरात गुंडाळून मग कठडा धरला. एवढं पुरे. उपमा द्यायचीच तर पात्राच्या घरातून उचला. शांताबाईंच्या कथेत समुद्राची उपमा आली तर ती लेखकाची आहे, त्यांची नाही.

पायरी 7: न बोललेलं संवादात ठेवा

‘कूलर बिघडला काय रे?’
‘नाही काकू, चालू आहे.’
‘मग लावत काऊन नाही?’
‘दुपारी झोप येते ना त्यानं. अभ्यास होत नाही.’
‘हो का.’
‘तुमचं जेवण झालं?’
‘झालं. तू काय खाल्लं?’
‘झालं ना माझंही.’

भाड्याचा उल्लेख नाही. पैशाचा नाही. पण दोघंही त्याच्याबद्दलच बोलताहेत, आणि ‘काय खाल्लं’ला ‘झालं’ हे उत्तर नाही हेही दोघांना कळतंय. पहिल्या खर्ड्यात याच जागी ‘काकू, माझी परिस्थिती खूप बिकट आहे’ असं येतं. माणसं स्वतःची परिस्थिती अशी निबंधासारखी सांगत नाहीत. संवाद लिहून झाला की पात्रांच्या मनातलं नेमकं वाक्य शोधा आणि तेवढंच खोडा.

बोली वापरावी का, हा प्रश्न विदर्भात हमखास येतो. वापरावी, आणि भीतभीत वापरू नये. 1960 साली आलेल्या उद्धव शेळक्यांच्या ‘धग’ कादंबरीतली माणसं वऱ्हाडी बोलतात, आणि त्या बोलीमुळे त्यांचं दुःख कुठेही लहान झालेलं नाही. पण आपण नेमकी कोणाची बोली लिहितोय ते ऐकायला हवं. महालातल्या शांताबाईंचं ‘काऊन’, लाखनीकडच्या मुलाच्या घरची झाडीबोली, शहरात आल्यावर त्याने सावरून बोलायला घेतलेली मराठी, आणि मित्रांमधलं ‘मी करून राहिलो ना बे’ या चार वेगळ्या गोष्टी आहेत. मुलगा काकूंशी सावरून बोलतो आणि गावी आईला फोन लावला की त्याचं ‘मला’चं ‘मले’ होतं. हा बदल एकदा नुसता ऐकवा. त्याला घराची आठवण येते असं वेगळं लिहायची गरज उरणार नाही.

हाक मारण्याची रीतही तशीच कामाला येते. शांताबाई सगळ्या कथेत त्याला ‘तू’ म्हणतात. दार उघडण्याआधी, रागात, मनातल्या मनात उजळणी करताना त्या ‘तुम्ही’ म्हणतात: ‘तुम्ही एक तारखेपर्यंत खोली रिकामी करा.’ परकं करायचं म्हणून. दार उघडतं, आणि तोंडातून येतं, ‘कूलर बिघडला काय रे?’ या एका ‘रे’वर कथा वळते. मराठीत लिहिताना ही सोय हाताशी असून जो वापरत नाही, त्याच्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं.

संवाद छोटा, प्रसंग छोटा आणि लेखक मधे न बोलणारा, याचा जुना नमुना इथून फार लांब नाही. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात म्हाइंभटांनी, ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांच्याकडून चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. एकेक लीळा काही ओळींची. कोणी आलं, काही विचारलं, स्वामी काही बोलले, लीळा संपली. भाषा जुनी आहे, सुरुवातीला अडखळायला होतं, पण रोज दोन लीळा मोठ्याने वाचून पाहा.

पायरी 8: शेवट, आणि खोडरबर

आमच्या रविवारच्या बैठकीत या कथेला बहुतेक जण एकच शेवट देतात. शांताबाई स्वतः कूलरचं बटण दाबतात, घरघर सुरू होते, मुलाच्या डोळ्यांत पाणी. हा शेवट खोटा नाही, पण तो मोठ्याने बोलतो. कूलर सुरू होण्याचा आवाज म्हणजे लेखकाने वाजवलेल्या टाळ्या होतात.

मला शांताबाईंना खाली आणायचं आहे. मुलीचा फोन वाजतोय आणि त्या तो उचलत नाहीत. भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी जातात. पेन्सिल दोऱ्याने खिळ्याला बांधलेली आहे. मे महिन्याचा सबमीटरचा आकडा अजून लिहायचा आहे. त्या पेन्सिल हातात घेतात, आणि रकाना कोरा ठेवून ती सोडून देतात. पेन्सिल दोऱ्यावर थोडा वेळ हलत राहते. बस, इथे थांबायचं. हे मी तुमच्यावर लादत नाही, पण तुमचा शेवट कोणताही असो, त्यातली वस्तू पहिल्या पानावर वाचकाने एकदा पाहिलेली असावी.

मग खर्डा चार दिवस दूर ठेवा. पाचव्या दिवशी तीन रंगांच्या पेन्सिली घ्या. जे फक्त शांताबाईंना माहीत असू शकतं त्याखाली निळी रेघ, जे फक्त मुलाला माहीत असू शकतं त्याखाली हिरवी, आणि जे फक्त तुम्हाला, लेखकाला, माहीत आहे त्याखाली लाल. आपण शांताबाईंना धरून लिहायचं ठरवलं होतं, म्हणजे हिरवी रेघ कुठेच नको. ती दिसली तर तिथे मुलाचा चेहरा, हात, पुस्तकाचं दुमडलेलं पान असं काही तरी ठेवा, जे शांताबाईंना दिसू शकेल. लाल रेघा मोजू नका. एकेक करून खोडा, आणि प्रत्येक खोडल्यावर तो परिच्छेद मोठ्याने वाचा. तो उभा राहत असेल तर पुढच्या रेघेकडे जा. पडत असेल, तर जे खोडलं ते शांताबाईंच्या डोळ्यांनी पुन्हा लिहा.